पुतळ्याच्या पाठीमागच्या टाचण्या

पत्र

ताई, सांगलीच्या कापड पेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभं केलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून शोकेस मी लावते आणि लोक थांबून बघतात. २०१९ च्या पुरात खालचा सगळा माल भिजला. मग लॉकडाऊन, मग २०२१ ला परत पाणी. धंद्याची घडी विस्कटली ती विस्कटलीच. बँकेचं ४० लाखांचं सीसी लिमिट आहे, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज, त्यातले ३८ वापरलेत. दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये माल ६० लाखांचा दाखवतो. मी दोन रविवार बसून मोजला तर ३४ लाखांचा भरला. व्यापाऱ्यांची देणी ६ लाख दाखवतो, खरी १० आहेत.

पुढच्या पंधरवड्यात रिन्यूअलसाठी बँकेचे साहेब माल बघायला येणार आहेत. नणंदेच्या मिस्टरांचं होलसेलचं दुकान आहे. तिथून चार दिवसांसाठी माल आणायचा आणि वरच्या फळ्यांवर रिकामे बॉक्स रचायचे असं घरात ठरलंय. रचायचं काम माझ्याकडे, कारण 'तुझ्यासारखं कुणाला जमत नाही'. फर्ममध्ये मी भागीदार आहे, त्यामुळे सहीही लागते. माझे मिस्टर म्हणतात, मार्चएंडला बँकाही हेच करतात, मोठमोठ्या कंपन्याही करतात. आणि खरं सांगू का, मला उत्तर देता आलं नाही. मी रोज तेच करते की! पुतळ्याला साडी नेसवून पाठीमागून टाचण्या मारते म्हणून ती समोरून चापूनचोपून बसते. एखादा डाग असला तर निऱ्यांत घेते. मग फळी सजवली तर काय बिघडलं? सही करू का?

जाता जाता अजून एक. लग्नसराईसाठी शोकेसमध्ये भारी पैठणी लावायची आहे, पण तसला नग एकच आहे. लावू का?

– एक सून, सांगली

उत्तर

सही करू नका, आणि ते बॉक्सही रचू नका. एवढं आधी सांगून टाकते, कारण पंधरवडा बघता बघता संपतो. बाकीचं सावकाश बोलू.

मिस्टरांना उत्तर देता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. प्रश्न खरंच अवघड आहे. ताळेबंद सजवण्याला हिशेबनीस मंडळी 'विंडो ड्रेसिंग'च म्हणतात. शब्द तुमच्याच धंद्यातून उचललेला आहे. काचेमागची साड्यांची मांडणी ती विंडो ड्रेसिंग, आणि ३१ मार्चच्या एका दिवसापुरती केलेली आकड्यांची मांडणी तीही विंडो ड्रेसिंग. नाव एकच पडल्यामुळे दोन्ही गोष्टी सारख्याच वाटायला लागतात.

आता तुमच्या दुकानात काय होतं ते बघा. काचेतली साडी बघून बाई आत येते. तुम्ही नग काढता, घडी मोडता, पदर उलगडून गादीवर पसरता. ती पोत चोळून बघते, जरीवरून नख फिरवते, साडी उलटी करून मागचे धागे बघते. शेवटी साडी घेऊन दारात जाते, कारण ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसलेला रंग उन्हात वेगळाच निघतो हे तिला ठाऊक असतं. आणि तुम्हीच म्हणता, "वहिनी, उजेडात बघा." हे सगळं झाल्यावर पैसे. टाचण्या तोवर पुतळ्याच्या पाठीलाच राहिलेल्या असतात, गिऱ्हाइकाच्या घरी जात नाहीत. तुमच्या सजावटीने तिला फक्त दारातून आत आणलं. पारख तिची तिने केली.

हळदीच्या सौद्यात मार्केट यार्डावर हेच चालतं. हळकुंडं पॉलिश केलेली असतात, लखलखतात. त्यात कुणाला फसवलं असं कुणी म्हणत नाही, कारण खरेदीदार पोत्यात खोलवर हात घालतो, खालची मूठभर वर काढतो आणि हळकुंड मोडून आतला रंग बघतो. मोडून बघायची मुभा आहे, म्हणून पॉलिश चालतं. उद्या एखाद्याने वरच्या थरात चांगली हळकुंडं घातली, खाली किडकी भरली आणि पोतं शिवूनच विकतो म्हणाला, तर सांगलीत त्याच्या मालावर कोण बोली लावेल?

स्टॉक स्टेटमेंट हे शिवलेलं पोतं आहे. बँकेचा माणूस महिन्याच्या महिन्याला तुमच्या फळ्या मोजायला येत नाही, येऊ शकत नाही. तुम्ही कागदावर लिहून देता, खाली सही करता, आणि त्या सहीच्या भरवशावर तो न बघता पैसे उचलू देतो. काचेतला पुतळा म्हणतो, आत या आणि बघा. ही सही म्हणते, बघू नका, मी सांगते ना. म्हणून पुतळ्याला टाचणी चालते आणि या कागदाला चालत नाही. मिस्टरांना द्यायचं उत्तर हे.

(डाग निऱ्यांत घेण्याबद्दल. पुतळ्यावर असेपर्यंत हरकत नाही. पण तो नग विकताना डाग स्वतःहून दाखवून किंमत कमी करत नसाल, तर आजपासून करायला लागा.)

पण बँकेपेक्षा मला तुमच्याच घराची काळजी जास्त वाटते. तुम्ही सांगलीच्या आहात, म्हणून सांगलीतलंच सांगते. पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढला की अख्खं गाव एकच गोष्ट विचारतं, आयर्विनला किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पेठेतले व्यापारी त्या आकड्यावर माल माळ्यावर चढवतात. म्हातारी माणसं कधी हलवायची, म्हशी कधी सोडायच्या, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला तेव्हा काय झालं ते तुम्ही कमरेएवढ्या पाण्यातून बघितलंत. समजा, लोक घाबरू नयेत, बाजार चालू राहावा म्हणून कुणी ४४ फूट असताना ३६ सांगितलं असतं, तर? लोक शांत झोपले असते, आणि माल खालीच राहिला असता.

तुमच्या दुकानात गेली काही वर्षं हेच चाललंय. पुस्तकातला ६० लाखांचा आकडा बँकेला जसा दिसतो, तसाच अण्णांनाही दिसतो. म्हणून सुरतेहून नवा माल मागवताना हात आखडला जात नाही. म्हणून घरखर्च पहिल्यासारखाच चालू आहे. पाणी किती चढलंय हे घरात फक्त तुम्हाला कळलं, तेही तुम्ही दोन रविवार खाली बसून मोजलंत म्हणून.

जरा आकडे मांडून बघू. बहुतेक बँका मालाच्या किमतीतून व्यापाऱ्यांची देणी वजा करतात, कारण ज्याचे पैसे दिले नाहीत तो माल तुमचा धरत नाहीत. उरलेल्यावर २५ टक्क्यांच्या आसपास मार्जिन ठेवतात. जे राहतं ती तुमची डीपी, म्हणजे त्या महिन्यात उचलता येणारी खरी रक्कम. तुमच्या स्टेटमेंटप्रमाणे ६० मधून ६ गेले, ५४ उरले, त्याचे ७५ टक्के ४० लाख ५० हजार. लिमिटमध्ये चपखल बसतं. तुमच्या मोजणीप्रमाणे ३४ मधून १० गेले, २४ उरले, त्याचे ७५ टक्के १८ लाख. तुम्ही वापरलेत ३८. म्हणजे २० लाख रुपये अशा मालावर उचललेत जो दुकानात नाही. आणि तुमच्या ३४ लाखांत पुरातून वाचवून, धुऊन, इस्त्री करून परत फळीवर ठेवलेल्या साड्या किती आहेत? त्या खरेदीच्या किमतीने धरल्या असतील तर ३४ सुद्धा खरे नाहीत. मालाची किंमत धरायचा नियम जुना आहे. खरेदीची किंमत आणि आज विकून हातात येईल ती किंमत, यांत जी कमी असेल ती.

ही २० लाखांची फट चार दिवसांच्या उसन्या मालाने बुजणार आहे का? पाचव्या दिवशी टेम्पो भरून माल परत गेला की फट जिथल्या तिथे. व्याज मात्र ३८ लाखांवर चालूच. शिवाय नणंदेच्या मिस्टरांनी तोच माल त्यांच्या बँकेला दाखवलेला असणार. एका गठ्ठ्यावर दोन बँकांचं कर्ज! उद्या काही निघालं तर तुम्ही नणंदेच्या संसारालाही ओढाल.

मी २८ वर्षं बँकेत काढली. नोकरीच्या सुरुवातीला, सांगलीत नव्हे, दुसऱ्या एका गावात, एका कापड दुकानाच्या इन्स्पेक्शनला गेले होते. मालक फार प्रेमळ. चहा आला, वर पेढे आले. मी शिडीवर चढून सहज म्हणून वरच्या फळीवरचा एक बॉक्स ओढला. तो इतका हलका होता की माझा हात झटक्यात वर गेला. झाकण उघडलं तर आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे आणि एक डांबरगोळी. डांबरगोळी का घातली असेल, हे मला आजही कळलेलं नाही. बहुतेक वास यावा म्हणून. मी खाली बघितलं. मालकाची बायको काउंटरशी उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तो बॉक्स तिनेच रचला होता हे मला त्या क्षणी कळलं. मी झाकण लावलं, बॉक्स जागेवर ठेवला आणि रिपोर्टमध्ये 'माल समाधानकारक' लिहिलं. वाटलं, कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा. दीड वर्षात दुकानाला सील लागलं. घर तारण होतं, तेही गेलं. त्या दिवशी मी खरं लिहिलं असतं तर लिमिट कमी झालं असतं, चार महिने जड गेले असते, पण घर वाचण्याइतका वेळ त्यांना मिळाला असता. तुमचं पत्र वाचताना मला ती मान खाली घातलेली बाई दिसत होती. म्हणून इतकं कळवळून लिहिते आहे.

आता मिस्टरांचं म्हणणं, की सगळेच करतात. करतात, हे मी नाकारत नाही. मार्चएंडला काही दिवसांपुरती मोठी ठेव आणून आकडा फुगवायचा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत करायची, हे बँकांमध्ये घडत आलंय. खेड्यात सोसायटीचं 'नवं-जुनं' तुम्हाला माहीत असेल. मार्च संपायच्या आत हातउसने काढून जुनं कर्ज भरायचं, आठ दिवसांत नवं उचलायचं आणि ज्याचे उसने त्याला व्याजासकट परत करायचे. वसुली १०० टक्के दिसते, कर्ज तेवढंच राहतं, वर सावकाराचं व्याज शेतकऱ्याच्या डोक्यावर. आणि मोठ्या कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांचं पुढे काय झालं तेही मिस्टरांना विचारा. अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने तिमाही संपताना रोखे काही दिवसांसाठी दुसऱ्याकडे द्यायचे, आलेल्या पैशातून कर्ज कमी दाखवायचं आणि नंतर रोखे परत घ्यायचे, असा प्रकार चालवला होता. २००८ च्या मध्यावर एका तिमाहीला सुमारे ५० अब्ज डॉलर असे नजरेआड केलेले होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तुमचा चार दिवसांचा टेम्पो आणि त्यांचे रोखे, जातकुळी एकच. फक्त त्यांनी कर्ज लपवलं, तुम्ही माल वाढवताय.

आपल्याकडे सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचं झालं. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः पत्र लिहून सांगितलं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. त्या पत्रात त्यांनी आपली अवस्था वाघावर बसल्यासारखी सांगितली आहे, खाली उतरावं तर वाघ खाईल. सुरुवात थोड्या फरकाने झाली होती, पुढे दर वर्षी तो फरक झाकायला नवा आकडा लागत गेला. तुमच्याकडेही पहिल्या पुरानंतर फरक ५-६ लाखांचाच असेल. तेव्हा 'दिवाळीला भरून काढू' असं अण्णा नक्की म्हणाले असतील.

कायद्याचं थोडक्यात. भागीदारी फर्ममध्ये देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो, १९३२ च्या भागीदारी कायद्यातच ते आहे. 'मला हिशेबातलं काही कळत नव्हतं' हे तुम्हाला म्हणता येणार नाही. तुम्ही तर माल मोजलाय. खोटं स्टेटमेंट देऊन कर्ज घेणं फसवणुकीत मोडू शकतं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. शिवाय हल्ली बँका जीएसटीची रिटर्न शेजारी ठेवून स्टेटमेंट तपासतात. खरेदी, विक्री आणि शिल्लक यांचा मेळ बसला नाही तर शिडीवर चढायचीही गरज पडत नाही. आणि पुन्हा पूर आला तर विम्याचा सर्व्हेअर बिलं मागेल. बिल नसलेल्या मालाचे पैसे कोण देणार?

मग करायचं काय. पहिल्यांदा मिस्टरांशी एकटीने बोला, अण्णांसमोर नको. तुमची मोजणीची वही समोर ठेवा आणि वर मांडला तो हिशेब त्यांच्याच हाताने करून घ्या. 'तुम्ही चुकलात' हा शब्द काढू नका. पुराने माल नेला, त्यात त्यांची चूक काहीच नव्हती, आणि हे त्यांनाही ऐकायची गरज असेल. मग दोघं मिळून अण्णांकडे जा. अण्णांना पैशापेक्षा पेठेतल्या पतीची भीती जास्त असणार. लिमिट कमी झालं हे बाहेर कळलं तर सुरतेचा व्यापारी उधार देणार नाही, असं ते म्हणतील. ती भीती खोटी नाही. त्यांना एवढंच विचारा की पुराच्या वेळी त्यांनी माल कुणाच्या सांगण्यावर हलवला होता. कुणाच्या तोंडच्या बातमीवर, की पुलावरच्या आकड्यावर?

त्यानंतर सीए. आतापर्यंत आकडे ज्याने मांडले त्याच्याकडे नको, दुसऱ्याकडे जा. मागची स्टेटमेंट तुमच्याही सहीने गेली असतील तर तेही त्याला मोकळेपणाने सांगा, आणि बँकेत काय व कसं बोलायचं ते त्याच्या आणि वकिलाच्या सल्ल्याने ठरवा. हे मी पत्रातून ठरवून देऊ शकत नाही, द्यायलाही नको. पण बँकेत जायचं ते साहेब येण्याआधी, आणि रिकाम्या हाताने नाही. कारण खरा आकडा दिला की तुमचं खातं डीपीच्या वर जाईल, आणि सीसी खातं सलग ९० दिवस वर राहिलं की एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत जातं. म्हणून प्रस्ताव सोबत न्या. लिमिट २० लाखांच्या आसपास आणा, वरची रक्कम मुदतीच्या कर्जात वळवून हप्ते बांधून द्या, असा अर्ज बँकेला करता येतो. मॅनेजरला तो मान्य करावाच लागेल असं नाही. दुकानाची जागा तारण असेल तर ऐकून घेण्याची शक्यता जास्त. हप्ता किती झेपेल तो आकडा मात्र खरा सांगा. नाहीतर तीही एक टाचणीच.

तुमचे दागिने या फटीत घालायला कुणी सांगेल. हप्ते बांधून मिळाल्याशिवाय, लेखी मिळाल्याशिवाय, एक वाटीही काढून देऊ नका. सोनं जाईल आणि फट तशीच राहील, हे मी फार घरांत बघितलंय.

आणि पडून असलेला माल काढा. इथे तुमचा हात कामाला येईल. एक पूर्ण शोकेस त्याच साड्यांची लावा, मोठ्या अक्षरांत लिहा, 'जुना माल, निम्म्या किमतीत, परत घेतला जाणार नाही'. पुराच्या पाण्यातून निघालेल्या असतील तर तेही लिहा. सांगलीत पूर कुणाला सांगायला लागत नाही, प्रत्येकाच्या घरात एखादं कपाट अजून त्या रेषेपाशी फुगलेलं आहे. 'पासून' हा शब्द बारीक छापून वर '२९९' मोठं लिहिण्याची पद्धत तेवढी नको. घराला रोज लागणाऱ्या साड्या आहेत त्या, गावाकडच्या बायका गठ्ठ्याने नेतील. खरेदीच्या किमतीला रडत बसू नका. त्या किमतीतला बराचसा भाग नदी २०१९ लाच घेऊन गेली, तुम्ही ते फक्त पुस्तकात लिहिलेलं नाही.

राहिली पैठणी. लावा की! एकच नग असला म्हणून काय झालं, तो विकायला आहे ना? शेजारी छोट्या पाटीवर किंमत लिहा आणि खाली 'एकच नग'. बस्त्याला आलेली मंडळी त्या पाटीनेच आधी आत येतील. कुणी मागितली तर लगेच पुतळ्यावरून उतरवून द्या, 'ती शोची आहे' म्हणून दुसरी गळ्यात मारू नका. फक्त उतरवताना टाचण्या मोजून काढा. भारी जरीत एखादी राहून गेली तर धागा ओढला जातो.